बाबांच्या खांद्यावरचा दुसरा तारा

मानकापूरच्या एका मुलीने विचारलं आहे: "माझे बाबा नागपूर शहर पोलिसांत सहायक पोलीस उपनिरीक्षक आहेत. उपनिरीक्षक म्हणून बढतीचा आदेश आला आहे. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस आता फौजदार होणार, तर खांद्यावरचे बॅज मला माझ्या पगारातून घ्यायचे आहेत. धातूचे घेऊ की कापडी? किती जोड लागतात? एक स्टार त्यांच्याकडे आहेच, मग दुसराच तेवढा आणला तर चालेल का? आणि सोबत अजून काय घेता येईल?"

बेटा, आधी तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. दुसराच तेवढा आणू नकोस. जुना तारा कितीही जपला असला तरी त्याची चकाकी बसलेली असते. घाम, धूळ, रुमालाने पुसणं, या सगळ्यातून तो थोडा पिवळसर, थोडा धुरकट होतो. एकटा असतो तोवर ते कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारी कोरा तारा बसला की जुना एकदम म्हातारा दिसतो. शिवाय दुकानात आलेल्या प्रत्येक लॉटचा साचा केसभर वेगळा असतो. दोन खांदे, प्रत्येकी दोन, असे चारही तारे एकाच पाकिटातले घे. चारही तळहातावर शेजारीशेजारी ठेव आणि खिडकीजवळ नेऊन बघ. ट्यूबलाइटखाली सगळंच चकाकतं, उन्हात खरं दिसतं.

माझं दुकान काटोल रोडच्या बाजूला, टाकळीच्या पोलीस मुख्यालयापासून फार लांब नाही. वर्दी शिवणं आणि बॅज लावून देणं हेच काम मी ३४ वर्षं करतो आहे, त्याआधी वडील करायचे. दंडावर फिती लावणारा हवालदार खांद्यावरच्या ताऱ्यावर येतो तेव्हा तो शर्टाचं माप देताना नेहमीपेक्षा ताठ उभा राहतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबलं तरी वाच.

खांद्यावरचा बॅज म्हणजे दागिना नव्हे, ते वाचायचं अक्षर आहे. दहा पावलांवरून समोरच्याला कळलं पाहिजे की हा माणूस कोण आहे. तुझ्या बाबांच्या खांद्यावर आज एक तारा आणि लाल-निळी फीत आहे. उपनिरीक्षकाला दोन तारे आणि तीच लाल-निळी फीत. म्हणजे फीत बदलत नाही, तारा वाढतो. निरीक्षकाला तीन तारे आणि फीत. महाराष्ट्रात मधे सहायक पोलीस निरीक्षक हे पद आहे, त्यालाही तारे तीनच, पण फीत वेगळी. आणि सहायक पोलीस आयुक्ताला, म्हणजे एसीपीला, तीन तारे, पण फीत नाही. आता लक्षात घे, एवढीशी फीत गळून पडली तर निरीक्षक एसीपी दिसायला लागतो. दोन ताऱ्यांखालची फीत निघाली तर फौजदार प्रशिक्षणातल्या आयपीएस अधिकाऱ्यासारखा दिसतो, कारण त्यांना दुसऱ्या वर्षी बिनफितीचे दोन तारे असतात. लोक ताऱ्यांवर पैसे घालतात आणि फीत मिळेल ती घेतात. मी उलट सांगेन, फीत नीट निवड.

फीत निवडायची कशी? बोटभर तुकडा माग. पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोराने घास. लाल रंग रुमालावर उतरला तर ती फीत पहिल्या पावसात खाकीवरही उतरणार, आणि खाकीवरचा तो गुलाबी डाग मग निघत नाही. दुसरं, दोन्ही रंगांच्या मधली रेघ बघ. चांगल्या विणीच्या फितीत ती सरळ असते, हलक्या फितीत लाल निळ्यात शिरलेला दिसतो. तिसरं, कडा. कात्रीने कापून नुसती चिकटवलेली फीत दोन धुण्यांत उसवते. ती आत दुमडून शिवायला हवी. कुठला रंग कुठल्या बाजूला, याचा घोळ होऊ नये म्हणून बाबांच्या सध्याच्या खांदपट्टीचा मोबाइलवर फोटो काढून घे आणि शिवणाऱ्यासमोर धर. दोन्ही खांदे एकमेकांच्या आरशातल्यासारखे हवेत. घाईत दोन्ही एकाच बाजूचे शिवून दिलेले मी दुरुस्त करून दिले आहेत.

आता धातू की कापड. दोन्ही लागतात, पण कामं वेगळी आहेत.

धातूचा तारा परेडसाठी, साहेबांसमोर हजर होण्यासाठी, १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीसाठी. पोलिसांचा तारा पाच टोकांचा आणि पांढऱ्या धातूचा असतो. सैन्यातला तारा वेगळा असतो, पिवळसर आणि चौकोनी धाटणीचा. बाजारात दोन्ही शेजारी टांगलेले असतात, म्हणून सांगतो. चांगल्या ताऱ्याच्या आत पितळ असतं आणि वर निकेल किंवा क्रोमचा मुलामा. हलक्या ताऱ्यात लोखंडी पत्रा असतो. लहान लोहचुंबक लावून बघ. तारा घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात खांद्यावर जो घाम येतो त्यात लोखंड एका मोसमातच गंजतं. गंज ताऱ्यावर थांबत नाही, शर्टावर तपकिरी ठिपका पाडतो.

मग तारा उलटा कर. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा महत्त्वाची आहे. मधे एकच स्क्रू आणि गोल चकती असेल तर तो तारा फिरतो. सकाळी एक टोक कॉलरकडे नीट धरलेलं असतं, दुपारपर्यंत तारा वाकड्या मानेने बसलेला दिसतो. स्क्रूच्या बाजूला एक बारीक खुंटी असलेला तारा माग. ती कापडात रुतते आणि तारा हलत नाही. स्क्रू जिथे ताऱ्याला जोडला आहे तिथलं डाखकाम नखाने दाबून बघ, कच्चं असेल तर तिथेच हलतं. टोकांवरून अंगठा फिरव. बुरी, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, असेल तर बोटाला लागते. तशी कड सीट बेल्टला, बॅगेच्या पट्ट्याला, नातवंडाच्या गालाला, सगळ्यांना लागणार. चकतीखाली पातळ चामड्याची किंवा फेल्टची गोल टिकली घालायची. त्याने चकती सैल होत नाही आणि खांद्याला टोचतही नाही. ही टिकली कुणी विकत देत नाही, शिवणाऱ्याकडून कापून घ्यावी लागते.

तारा मोठा घेऊ नकोस. हे मी आग्रहाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नव्या फौजदाराने माझ्याकडून हट्टाने नेहमीपेक्षा मोठे तारे लावून घेतले. मला माहीत होतं की ते मापाबाहेर आहेत, पण गिऱ्हाईक दुखवायचं नाही म्हणून दिले. पहिल्याच टर्नआउटला, म्हणजे वर्दीच्या तपासणीला, सगळ्या रांगेसमोर त्याला ते काढायला लावले. तो संध्याकाळी दुकानात आला तेव्हा काही बोलला नाही, नुसते चार तारे काउंटरवर ठेवले. त्या दिवसापासून मापाबाहेरचा माल मी दुकानात ठेवत नाही. जाणत्याने नाही म्हणायचं असतं, ते मी म्हटलं नव्हतं.

रोजच्या कामाला मात्र कापडी. खांदपट्टीवर सरकवून घालायच्या नळीसारख्या पट्ट्या येतात, त्यांना आमच्याकडे सगळे शोल्डर म्हणतात. त्यावर तारे भरतकामाने काढलेले असतात. मारबतीच्या मिरवणुकीतला महाल भागातला रेटा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरची गर्दी, रामनवमीची शोभायात्रा, अशा बंदोबस्तात धातूचा तारा कुणाच्या ओढणीत, कुणाच्या दोरीत अडकतो. एक तारा पडला की माणूस दिवसभर एका खांद्यावर फौजदार आणि दुसऱ्यावर जमादार, म्हणजे एका ताऱ्याचा सहायक उपनिरीक्षक. वरून जॅकेट किंवा संरक्षक कवच घालायचं असेल तर खाली धातू नकोच, दाबला जातो आणि खांद्याच्या हाडावर वळ उठतो.

कापडी शोल्डर घेताना दोन गोष्टी. एक, दोरा. चंदेरी कसबाचा, म्हणजे जरीच्या तारेचा, तारा पहिल्या दिवशी फार देखणा दिसतो, पण घामाने कसब काळं पडतं आणि ते परत उजळत नाही. पांढरट चंदेरी पॉलिस्टर दोरा साधा दिसतो, पण तो तसाच राहतो. मी पॉलिस्टरच लावतो. दोन, खाकीचा रंग. खाकी एकच असते असं बाहेरच्यांना वाटतं. ती कधी हिरवटाकडे झुकते, कधी तांबूसकडे, आणि टेरीकॉटची आणि सुतीची छटा तर कधीच जुळत नाही. तयार शोल्डर शर्टावर चढवलं की ते ठिगळासारखं उठून दिसतं. त्यापेक्षा बाबांचा नवा शर्ट ज्या ताग्यातून शिवला त्याचं उरलेलं कापड शिंप्याकडून मागून आण. वीतभर तुकडा पुरतो. त्याच कापडाचं शोल्डर शिवलं की तारे शर्टातूनच उगवल्यासारखे दिसतात. नव्या शर्टाची शिलाई बाकी असेल तर आत्ताच सांगून ठेव, नाहीतर कात्रणं झाडून टाकतात.

रबरासारखे साच्यातले बॅजही मिळतात. धुवायला सोपे, पावसात उत्तम. पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेमागे ठेवले तर वाकडे होतात, आणि इस्त्री चुकून लागली की संपलेच. रात्रपाळीच्या शर्टाला ठीक. भेट म्हणून मी देणार नाही.

किती जोड? धातूचा एक, म्हणजे चार तारे, आणि एक सुटा तारा जास्तीचा, त्याच पाकिटातला. कापडी शोल्डरचे तीन जोड: एक अंगात, एक धुण्यात, एक कपाटात. आणि जर्सीसाठी एक वेगळा, थोडा सैल. डिसेंबरात अधिवेशन भरलं की विधान भवनाच्या बंदोबस्ताला पहाटेच उभं राहावं लागतं, तेव्हा जर्सी अंगात असते आणि तिची खांदपट्टी जाड असते. शर्टाच्या मापाचं शोल्डर त्यावर चढत नाही, जबरदस्तीने चढवलं तर शिवण फाटते.

आता एक गोष्ट जी मला तुझ्या प्रश्नात दिसली नाही, पण तुझ्या मनात असणार. साहेब स्वतःच्या हाताने तारे लावतात तो क्षण. तिथे घोळ कसा होतो ते मी ऐकत आलो आहे: स्क्रूवाले सुटे तारे ट्रेमध्ये ठेवतात, साहेब तारा धरतात, चकती फिरवायला जातात, चकती खाली पडते, सगळे वाकून शोधतात. त्यामुळे सुटे तारे देऊ नकोस. बाबांच्या शर्टाच्याच कापडाचं कोरं शोल्डर शिवून घे, त्यावर फीत आणि धातूचे दोन्ही तारे आधीच पक्के बसव. साहेबांनी फक्त खांद्याची गुंडी काढायची, शोल्डर सरकवायचं, गुंडी लावायची. दहा सेकंदांचं काम, हात थरथरत नाहीत, फोटोही नीट येतो. बरेच अधिकारी एका खांद्याला स्वतः लावतात आणि दुसरा घरच्यांना लावू देतात. बाबांना आधी विचारायला सांग. तुझी संधी आली तर आदल्या रात्री शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून दोनतीनदा सरकवून बघ. नव्या खांदपट्टीची गुंडी फार घट्ट असते.

आणि हे सगळं पदभार घेतल्यावरच अंगावर चढवायचं. तुझ्या बाबांचा आदेश आलेला आहे, त्यामुळे तयारी करायला हरकत नाही. पण यादीत नाव लागलं म्हणून तारे लावून फिरणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. यादी म्हणजे आदेश नव्हे, आणि आदेश म्हणजे पदभार नव्हे.

सोबत अजून काय घेता येईल, असं विचारलंस. नेमप्लेट घे. उजव्या खिशावर बसते, आणि लोक खांद्याकडे बघण्याआधी तिच्याकडे बघतात. काळ्या पट्टीवर पांढरी मराठी अक्षरं. इथे खोदकाम करणारं यंत्र फसवतं. आपल्या विदर्भातली आडनावं बघ: वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे. अर्ध्या यंत्रांतल्या टाइपात हा ऱ्ह नसतो, मग ते रफार देऊन वर्हाडे असं काहीतरी खोदून देतात. 'श्र', 'क्ष', 'ज्ञ'चंही तेच, अर्धं अक्षर पाय मोडून बाजूला उभं राहतं. मेश्राम आडनावाचं 'मेश्‌राम' झालेलं मी स्वतः परत केलं आहे. ज्याने तीस वर्षं नोकरी केली त्याचं नाव त्याच्या छातीवर चुकीचं असावं, हे मला सहन होत नाही. त्यामुळे आधी कागदावर छापून घे, बाबांच्या ओळखपत्राशी एकेक अक्षर ताडून बघ, मगच खोदायला दे. पदव्या घालू नकोस. मागे दोन पिना असलेली घे. चुंबकाची नेमप्लेट शर्टाला भोक पाडत नाही हे खरं, पण गर्दीत ती कधी गेली ते कळतही नाही. घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर चुंबक आणूच नकोस.

डाव्या खिशावरच्या पदकांच्या रिबनची पट्टीही नवी करून देता येईल. बाबांनी गडचिरोलीत नोकरी केली असेल आणि त्यांना आंतरिक सुरक्षा सेवा पदक मिळालं असेल, तर जुनी रिबन बहुधा विटली असेल. पण इथे अंदाजाने काही करायचं नाही. सेवापुस्तकात ज्या पदकाची नोंद आहे त्याचीच रिबन, आणि क्रमही ठरलेला: मानाने सगळ्यात वरचं पदक छातीच्या मध्याकडे, बाकीची त्याच्यामागे खांद्याच्या दिशेने. रंग छान दिसतात म्हणून पुढेमागे लावलेली पट्टी जाणत्या माणसाला लगेच खटकते. रिबनचा रंग दुकानातल्या तक्त्यावरून ठरवू नकोस, मूळ पदक डबीतून काढून घेऊन ये.

याखेरीज दुकानात तुला खूप काही दाखवतील. कमांडोचे बिल्ले, पंखांचे बिल्ले, कवटीचे, वाघाचे, दोन तलवारींचे. घेऊ नकोस. ज्यांनी सुराबर्डीच्या केंद्रात नक्षलविरोधी कारवाईचं प्रशिक्षण घाम गाळून पूर्ण केलं आहे, त्यांना त्यांचं चिन्ह त्यांच्या खात्याने दिलेलं असतं. ते विकत घ्यायची वस्तू नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या पंचकोनी ताऱ्यातला पंजा आणि त्याखालचं सद्रक्षणाय खलनिग्रहणाय, एवढं टोपीवर असलं की आणखी कुठलं चित्र लागत नाही.

मी तुझ्याकडून बाबांच्या ओळखपत्राची आणि आदेशाची प्रत मागेन, त्याचा राग मानू नकोस. लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह फसवणुकीच्या हेतूने घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड विधानाच्या कलम १७१ मध्ये होतं. तोतया फौजदार जे तारे लावून एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या बांगड्या उतरवून घेतो, ते तारे कुठल्यातरी काउंटरवरूनच गेलेले असतात. ते माझ्या काउंटरवरून जाऊ नयेत म्हणून मी विचारतो. ज्या दुकानात काहीच विचारत नाहीत तिथून घेऊ नकोस, माल चांगला असला तरी.

निगा राखायची पद्धत बाबांना माहीत असेल, पण एक सवय बहुतेक जुन्या पोलिसांची मोडावी लागते. पितळी बक्कल घासायची पॉलिश ते ताऱ्यालाही लावतात. बक्कल भरीव पितळेचं असतं, ते घासलं की उजळतं. ताऱ्यावर मुलामा असतो, तो घासला की जातो आणि टोकांवरून पिवळं पितळ डोकावतं. ताऱ्याला ओलसर मऊ कापड, मग कोरडं कापड, बस. ड्यूटीवरून आल्यावर शोल्डर शर्टावरून काढून ठेवायचं. घामाने ओल्या खांदपट्टीवर रात्रभर राहिलं तर स्क्रूभोवती हिरवा कळंक धरतो आणि तो कापडात शिरतो.

जुने दोन तारे, प्रत्येक खांद्याचा एक, ते फेकू देऊ नकोस. एका डबीत सुती कापडात गुंडाळून ठेव, आणि हवालदारकीच्या तीन फिती घरात कुठे असतील तर त्याही त्यातच.

येताना चार गोष्टी घेऊन ये: बाबांचा एक शर्ट, उरलेलं खाकी कापड, आदेशाची प्रत, आणि नेमप्लेटसाठी नाव ओळखपत्रावर आहे तसं लिहून. बाबांना आणू नकोस, खांद्याचं माप मी शर्टावरूनच घेतो. कापडी शोल्डर भरायला मला चार दिवस लागतात, त्यामुळे समारंभाची तारीख कळली की त्याच दिवशी निघ.